आजीचे टाके, आईचे टाके
आज बाहेरचं काम बाजूला ठेवून घरचीच गोधडी दुरुस्तीला घेतली. आजीने सुरू केलेली, आईने पुरी केलेली. कड विरली होती म्हणून थोडी उसवली आणि दोघींचे हात वेगवेगळे दिसायला लागले. आजीचा धावदोरा अगदी बारीक, आईचा जरा लांब पण ओळ सुतासारखी सरळ. गाठ मात्र एकीचीही वर नाही. दोघींनी ती थरांच्या आत ओढून घेतलेली. मलाही हेच शिकवलं त्यांनी.

ठिगळाला कोरं कापड लावलं नाही. कोरं कापड धुतल्यावर आटतं, जुन्याला ओढतं, मग शेजारीच पुन्हा फाटतं. वापरून मऊ झालेलं सुतीच घेतलं. आधी कच्चे टाके, मग मधून कडेकडे. कडेपासून सुरुवात केली की मध्ये फुगा येतो, हे लहानपणी सगळं उसवूनच कळलं होतं.

4 तासांत जेमतेम वीतभर झालं. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं अंगुस्तान आईचंच, मला अजूनही सैल होतं. आजीचा एकही टाका कापला नाही. जिथे तिचा दोरा तुटला होता, तिथे त्याच भोकांतून माझा ओवला.