शेवटची कधी घेतली?

नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते. त्या सोमवारी आमच्या कॅज्युअल्टीत गर्दी ठरलेली. मी सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक. योजनांचे फॉर्म, बेवारस पेशंट, हे माझं रोजचं. व्यसनाच्या केसेसही माझ्याकडे येतात, पण बहुतेकदा डिस्चार्ज कार्डावर 'मानसोपचार ओपीडीला दाखवावे' एवढं खरडून झाल्यावर.

पारोळ्याकडून आणलेला हा चाळिशीचा ट्रॅक्टर ड्रायव्हर रात्री झटका येऊन पडला होता. जीभ चावली गेलेली, हात थरथरत होते, अंगाला दरदरून घाम. आणि एकसारखा चादरीवरून काहीतरी चिमटीत धरून खाली टाकत होता. मुंग्या, म्हणे. चादरीवर एकही मुंगी नव्हती. (चादर स्वच्छ होती, हीच आमच्याकडे खरी बातमी.)

डॉक्टरांनी विचारलं, "दारू पितो का?"

आई ताडकन म्हणाली, "नही हो! घरमा देवी बठेल शे. एक थेंब बी लिधा नही त्यानी." तिच्या मते पोराच्या अंगात कानबाई आली होती.

म्हातारी खोटं बोलत नव्हती. म्हणूनच मी हा प्रश्न वेगळा विचारते: शेवटची कधी घेतली? मग बायकोने तोंड उघडलं. शनिवारी संध्याकाळी. त्याआधी कित्येक वर्षं रोज, सकाळी उठल्यापासून. देवीसाठी त्याने एका दमात बंद केली होती.

गोम तिथेच होती. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक सोडली की साधारण ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात, दोन-तीन दिवसांत भ्रम होतो, ताप चढतो, आणि उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतो. डॉक्टरांनी झटके आवरणारं लोराझेपाम दिलं, ग्लुकोजची बाटली लावायच्या आधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, दिलं, पडताना डोक्याला मार लागला नाही ना म्हणून सीटी स्कॅनही करून घेतला.

बायकोने मला व्हरांड्यात नेलं आणि पदराची गाठ सोडून एक पुडी दाखवली. भिंतीवरची जाहिरात वाचून आणलेली, जेवणात गुपचूप कालवायची. अशा पुड्यांत काय असेल याचा नेम नाही. कधी डायसल्फिरॅम हे दारू सोडवायचं औषध निघतं, आणि ते पोटात असताना माणूस प्यायला तर बीपी कोसळून जीवावर बेततं. ते औषध पेशंटला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. पुडी मी ठेवून घेतली. तिला रागावण्यात अर्थ नव्हता. दुसरा रस्ता तिला दाखवलाच कोणी होता?

गुरुवारी तो नीट बोलायला लागला. पहिलंच वाक्य, "आता गावात म्हणतील, सोडली म्हणून मरता मरता वाचला." याची मला जास्त भीती वाटत होती. एवढ्या कारणावर माणसं पुन्हा सुरू करतात. मी त्याला झटक्याचं कारण समजावलं, आईलाही समोर बसवलं. पुढच्या वेळी मनात आलं तर आधी इथे यायचं, औषधं घेत सोडायची.

आता चिठ्ठी. मानसोपचार विभाग आमच्या दुसऱ्या इमारतीत आहे, आणि मधल्या रस्त्यावर गेट आहे. चिठ्ठी घेतलेले बरेच जण त्या गेटातून सरळ एसटी स्टँड गाठतात. म्हणून मी वॉर्डातल्या मामांना व्हीलचेअर आणायला सांगितली आणि स्वतः सोबत गेले. समुपदेशकाशी गाठ घालून दिली, तिथूनच अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटातल्या एका सभासदाला फोन लावून त्याच्या कानाला दिला. दोघं बराच वेळ अहिराणीत बोलले, मधेच हसलेसुद्धा. बायकोच्या मोबाईलमध्ये १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन सेव्ह करून दिली.

सुट्टी होताना तो हळूच म्हणाला, "ताई, पोयाले थोडी चाली का?"

बायकोने कपाळाला हात लावला. मला मात्र बरं वाटलं, निदान विचारून तरी घेतो. नाही म्हटलं, आणि ओपीडीची पुढची तारीख पोळ्याच्या आदल्या दिवसाची मागून घेतली.