गाई गेल्या आणि गोठा गारठला

विस्कॉन्सिनला येऊन आम्हाला सहा वर्षं झाली आणि गेल्या वर्षीपासून मी इथल्या स्कूल बसवर अटेंडंट म्हणून जाते, छोट्यांचे बेल्ट लावायचे, उतरताना हात धरायचा, असं काम. पण मुलांना शाळेत सोडलं की रिकामी बस परत न्यायला अर्धा तास लागतो आणि तेवढ्या वेळात आमचे ड्रायव्हर बोलत असतात. वय 68, जन्म याच रस्त्यावरच्या एका डेअरी फार्मवरचा. हाक मी नावानेच मारते, इथे तसंच चालतं, पण मनातल्या मनात ते केव्हाच आजोबा झालेत.

इथल्या गाड्यांच्या नंबर प्लेटवर ‘अमेरिकाज डेअरीलँड’ लिहिलेलं असतं, मला आधी ती नुसती जाहिरात वाटायची. आजोबांच्या घरी 40 होल्स्टिन गाई होत्या, पहाटे पाचला आणि संध्याकाळी पाचला धारा, ख्रिसमसला पण. बर्फामुळे शाळा बंद असली की बाकीची पोरं झोपायची आणि हे गोठ्यात. पण त्यांना ते आवडायचं, कारण बाहेर उणे 25 असलं तरी गोठा ऊबदार, हीटर वगैरे काही नाही, फक्त गाईंच्या अंगाची ऊब.

सगळ्यात नावडतं काम म्हणजे दगड वेचणं. हिमयुगातल्या हिमनद्यांनी इथल्या मातीत दगडगोटे सोडलेत आणि दर हिवाळ्यात जमीन गोठली की ते वर ढकलले जातात, म्हणजे गेल्या वर्षी अख्खं शेत साफ केलं तरी वसंतात परत तेवढेच हजर! ट्रॅक्टरमागे लाकडी फळ्यांची घसरगाडी, भावंडं दोन्ही बाजूंनी, दिवसभर वाकून. शेताच्या कडेला ते ढीग अजून आहेत, बसमधून मला दाखवले त्यांनी. आणि जूनमधलं गवत, ते नीट वाळलेलं नसताना माळ्यावर रचलं तर आतल्या आत तापून पेट घेतं, म्हणून वडील रात्री उठून गंजीत हात खुपसून बघायचे.

शाळेच्या बसमध्ये कपड्यांना गोठ्याचा वास यायचा, शेजारची मुलं उठून दुसरीकडे बसायची. हे सांगताना आजोबा रस्त्यावरची नजर हलवत नाहीत. आमच्या रूटवर एक मुलगा फार्मवरून येतो, कधीकधी धावत, ओल्या केसांनी, आणि आजोबा त्याच्यासाठी थांबतात. गोठ्यातला दिवा चालू दिसला की समजायचं, तो निघालाय.

मग 1986. दूध फार झालं होतं देशात, म्हणून सरकारने योजना काढली, अख्खा कळप कत्तलीला द्या किंवा परदेशी पाठवा, पाच वर्षं डेअरी करू नका, पैसे घ्या. वडिलांवर कर्ज होतं, त्यांनी सही केली. त्या गाई परत कोणी दुधासाठी विकू नये म्हणून जबड्यावर तापलेल्या लोखंडाने फुली मारायचे, पुढे कोर्टाने ते तापलं लोखंड थांबवलं पण यांच्या गाईंना तोवर डागून झालं होतं. डोकं धरायला आजोबा होते. रोज धारेला ज्या आपणहून आपल्या जागेवर येऊन उभ्या राहायच्या त्या गाई. पुढे ते बोलले नाहीत. रेल्वे क्रॉसिंग आलं, नियमाप्रमाणे बस थांबवली, दार उघडलं, कान देऊन ऐकलं. गाडी नव्हती. तरी दार बंद करायला त्यांना जरा वेळच लागला.

तो गोठा अजून उभा आहे, छप्पर एका बाजूने खचलंय, वळणावर दिसतो. मी विचारलं, एवढा मजबूत बांधलेला, असा कसा पडला? म्हणाले, गाई गेल्या त्याच हिवाळ्यात आतले पाण्याचे पाइप गोठून फुटले. वडिलांनी ते दुरुस्त केले नाहीत.