मे महिन्याचं पाणी: लेहजवळच्या शेतांत

लडाखमध्ये लेहहून जवळच्या साबू गावाकडे जाताना मे महिन्यात वर बर्फाचे डोंगर दिसतात, खाली उजाड दगडमाती आणि मधे नुकतीच भिजवलेली काळपट शेतं. उंची साधारण ३५०० मीटर, वर्षाचा पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटर. जव पिकतो तो ओढ्याच्या पाण्यावर. अडचण वेळेची आहे. पेरणी एप्रिल-मेमध्ये उरकावी लागते, नाहीतर दाणा भरायच्या आत थंडी गाठते. आणि पाच हजार मीटरवरचा बर्फ जोरात वितळतो तो जूनमध्ये. जुलैत ओढा दुथडी भरून वाहतो, पण मेमधली तहान त्यानं भागत नाही.

म्हणून चुरपोन, म्हणजे गावानं नेमलेला पाणीवाटप्या. त्याचा मोबदला घरटी धान्यात द्यायची जुनी रीत आहे. पेरणीआधी घरटी एक माणूस येऊन पाट साफ करतो. ओढ्याची बारीक धार थेट पाटात सोडली तर ती वाटेतच जिरते, टोकाच्या शेतापर्यंत पोचत नाही. त्यामुळे रात्रभर पाणी ‘झिंग’ नावाच्या तळ्यात साठवतात आणि सकाळी एकदम सोडतात. शेताचं तोंड दगड आणि गवताळ मातीच्या ढेकळांनी बंद करायचं, फावड्यानं उघडायचं, वाफे वरून खाली भरत न्यायचे. ढेकूळ नीट बसलं नाही तर पाणी झिरपून पुढच्याची पाळी अर्धी होते. भांडणं बहुतेक इथूनच उठतात.

तळं एका रात्रीची सोय करतं, हिवाळ्याची नाही. हिवाळ्यात वाया जाणारं पाणी गोठवून ठेवायची युक्ती चेवांग नॉर्फेल या अभियंत्यानं १९८७पासून राबवली. नोव्हेंबरात ओढा वळवून सावलीच्या उतारावर आणायचा आणि दगडी बांधांमागे थरांनी गोठू द्यायचा. हा बर्फ खऱ्या हिमनदीपेक्षा खाली असतो, म्हणून लवकर वितळतो. धार वेगात असली तर गोठत नाही, फार मंद असली तर पाटातच गोठून वाट अडते. म्हणजे ऐन थंडीत कुणीतरी वर जाऊन बर्फ फोडायला हवा. ऑगस्ट २०१०च्या ढगफुटीत साबूचं मोठं नुकसान झालं. असे बांध पुन्हा रचायचे तर दगडांपेक्षा माणसांचा तुटवडा जाणवतो.

याच कामाची दुसरी युक्ती म्हणजे लडाखचेच अभियंते सोनम वांगचुक यांचा बर्फस्तूप: हिवाळ्यात पाणी उडवून गोठवलेला बर्फाचा उंच शंकू. दिसायला देखणा. उंचावरून नळानं आणलेलं पाणी स्वतःच्याच दाबानं उडतं, पंप लागत नाही; शंकूच्या आकारामुळे बर्फाच्या मानानं ऊन कमी पृष्ठभागावर पडतं. पण रात्री प्रवाह थांबला की नळ गोठतो, म्हणून सर्वांत खालच्या बिंदूला निचऱ्याची तोटी हवीच.

पाण्याइतकंच महत्त्वाचं खत, आणि ते घरातच तयार होतं. कोरड्या संडासात वरच्या खोलीच्या जमिनीला भोक असतं. वापरानंतर फावडंभर माती किंवा राख टाकायची, खाली साचलेलं कुजलं की शेतात. त्यात पाणी पडलं तर कुजणं बिघडतं, वास सुटतो. पाहुण्यांसाठी फ्लशचे संडास वाढले तसा दोन्हीकडून तोटा झाला: शेताचं खत गेलं आणि पाणीही. मुक्कामाच्या घरी दोन्ही सोयी असतील तर कोरडा संडास वापरा. पाणी नेऊ नका, कागद कुठे टाकायचा ते आधी विचारा, आणि फावडं तिथेच ठेवलेलं असतं.