राशीनुसार आहार म्हणे!
आज जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात राशीनुसार आहाराचा तक्ता फिरत होता. माझी रास कन्या. तिचा अंमल आतड्यांवर मानतात, म्हणून माझ्या वाट्याला ओट्स, डाळी, सालीसकट सफरचंद, पालक. मेषवाल्यांना टोमॅटो आणि डाळिंब, बहुधा मेषेचा स्वामी मंगळ लाल म्हणून! त्यात कन्या ही जन्मतारखेवरून. पत्रिकेत माझा चंद्र मेषेत आहे, म्हणजे त्या हिशोबाने रास मेष. मग मी कुणाचं जेवण जेवायचं? शेवटी दोन्ही याद्या माझ्याच धरल्या.

पण खरं सांगू, कन्येचा सल्ला वाईट नव्हता. ओट्समधला बीटा-ग्लुकन हा विरघळणारा तंतू कोलेस्टेरॉल कमी करायला मदत करतो. मोठ्या माणसांनी दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतुमय घटक खावेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आपल्यातले बरेच जण त्याच्या जवळपासही जात नसतील. पालकातलं लोह नीट शोषलं जावं म्हणून वर लिंबू पिळायचं. जेवणाला लागूनच चहा घेतला की तेच लोह कमी शोषलं जातं. तक्त्यात हे मात्र कुठेच नव्हतं.

आणि हे सगळं फक्त कन्येलाच का? वृश्चिकवाल्यांना काय आतडी नसतात?