गच्चीचं पाणी भुयारी गटारात सोडू नका

पावसाळी गटार वेगळं आणि भुयारी गटार वेगळं. मी नाशिकमध्ये परवानाधारक प्लंबर आहे, आणि इतक्या वर्षांत लोकांना सगळ्यात जास्त वेळा समजावून सांगितलेली गोष्ट हीच असेल. भुयारी गटारात संडास, बाथरूम आणि मोरीचं पाणी जातं, ते पुढे मलजल शुद्धीकरण केंद्रात पोहोचतं. पावसाळी गटारात फक्त पावसाचं पाणी जायला हवं, कारण ते कुठेही शुद्ध होत नाही. जवळचा नाला गाठतं आणि गोदावरीत उतरतं. दोन्ही रस्त्याखालीच, दोन्हींवर ढापेच, त्यामुळे वरून बघणाऱ्याला काही फरक कळत नाही. एकाचं पाणी दुसऱ्यात शिरलं की काय होतं, ते पहिल्या जोराच्या पावसात तळमजल्यावाल्यांना कळतं.

गेल्या पावसाळ्यात इंदिरानगरमधल्या एका सोसायटीतून फोन आला. चार मजले, बारा फ्लॅट. तळमजल्यावर एक आजी एकट्या राहतात. त्यांच्या बाथरूममधल्या नहाणी ट्रॅपमधून (फरशीतल्या जाळीखालच्या निचऱ्याच्या तोंडातून) काळं पाणी बुडबुडे काढत वर येत होतं आणि पॅसेजमधून देवघराकडे निघालं होतं. आजींनी उंबऱ्याला जुन्या साड्यांचे बोळे लावले होते. "बाबा, दरवर्षी असंच होतं रे. तू तरी नीट बघ," म्हणाल्या. चेअरमन अप्पा खाली आले. त्यांचं ठाम मत, की बाहेरची मेन लाइन चोकअप असणार, दुसरं काय.

मी बाहेरचा ढापा उघडला. मेन लाइन भरून वाहत होती, पण वाहत होती. मग आवारातले चेंबर एकेक करून उघडले. तिसऱ्या चेंबरमध्ये, जिथे आजींच्या बाथरूमची लाइन येते तिथेच, भिंतीतून एक सहा इंची पाइप आत सोडलेला आणि त्यातून धबाधबा स्वच्छ पाणी पडत होतं. अप्पा म्हणाले, हा कुठला पाइप ते मला माहीत नाही. पाऊस ओसरल्यावर आम्ही गच्चीवर गेलो, एका बादलीत नीळ कालवली आणि कोपऱ्यातल्या डाउन टेकमध्ये, म्हणजे गच्चीचं पाणी खाली आणणाऱ्या उभ्या पाइपात, ओतली. माझा पोरगा खाली चेंबरपाशी उभा होता. बादली रिकामी होते न होते तोच खालून त्याची हाक आली, "निळं आलं!" गच्चीचे तीन डाउन टेक, आणि तिन्ही भुयारी गटाराच्या चेंबरला जोडलेले.

त्याच दिवशी अप्पांना मी जिन्यातल्या फळ्यावर हिशेब मांडून दाखवला. तो इथेही देतो, कारण याच्याइतकं पटवणारं दुसरं काही माझ्याकडे नाही. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हे आपल्या देशातलं धरून चाललेलं प्रमाण आहे, आणि त्यातलं साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन गटारात जातं असं मानून लाइनी आखतात. बारा फ्लॅटमध्ये ४८ माणसं धरली, तर सगळ्या इमारतीचं दिवसभराचं सांडपाणी ५,२०० लिटरच्या आसपास भरतं. आता गच्ची घ्या. २,००० चौरस फूट म्हणजे सुमारे १८६ चौरस मीटर. तासाभरात २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर गच्चीवरून ४,६०० लिटरपेक्षा जास्त पाणी खाली येतं. अख्ख्या बिऱ्हाडांचं दिवसभराचं सांडपाणी आणि गच्चीचं एका तासाचं पाणी जवळजवळ सारखंच. जी लाइन दिवसभरात थोडं थोडं पाणी न्यायला टाकली, तिच्यात दिवसाचं पाणी तासाभरात ओतलं तर ते जाणार कुठे? ज्याचं तोंड सगळ्यात खाली त्याच्या घरात. म्हणून दरवर्षी आजींच्या घरात.

यावर लोक म्हणतात, मग मोठा पाइप टाका. तसं चालत नाही. भुयारी गटाराचा पाइप कायम थोडा भरलेला आणि वेगात वाहता राहावा लागतो, म्हणजे मैला तळाशी बसत नाही. त्यासाठी ढाळ ठरलेला असतो: चार इंची लाइनला चाळीस फुटांत एक फूट, सहा इंचीला साठ फुटांत एक फूट. हे आम्ही उमेदवारीच्या दिवसांत पाठ केलेलं गणित. पावसाच्या मापाने पाइप टाकला तर उरलेले आठ महिने पाणी त्याच्या तळाशी पसरून रेंगाळेल, मैला साचेल आणि पावसाळ्याआधीच तो तुंबेल. म्हणूनच पावसासाठी गटार वेगळं करतात.

आणि हे एका सोसायटीपुरतं राहत नाही. अशा शेकडो गच्च्या भुयारी गटाराला जोडलेल्या असल्या, की मेन लाइन भरते, चेंबरचे ढापे उचलले जातात आणि मैल्याचं पाणी रस्त्यावर येतं. तिथून ते पावसाळी गटाराच्या जाळीत, तिथून शहरातल्या नासर्डी किंवा वाघाडी नदीत, आणि पुढे गोदावरीत. तपोवन, आगर टाकळी, पंचक, चेहेडी इथल्या शुद्धीकरण केंद्रांत मैला खाणारे जिवाणू असतात. ठरलेल्या मापाचं, ठरलेल्या घट्टपणाचं सांडपाणी आलं तरच ते नीट काम करतात. पावसाने पातळ झालेलं पाणी दुप्पट-तिप्पट लोटलं, तर कितीही चांगलं केंद्र बांधा, ते पुरं पडत नाही. २०२७च्या सिंहस्थासाठी गोदावरी स्वच्छ हवी असं सगळेच म्हणतात. मला ती मनापासून हवी आहे, माझ्या आईने रामकुंडावर घागर भरलेली आहे. पण नदीची सफाई नदीत उतरून होत नाही. ती आपल्या आवारातल्या तिसऱ्या चेंबरपासून सुरू होते.

पिण्याच्या पाण्याचाही याच्याशी थेट संबंध आहे, आणि हा भाग लोकांना सगळ्यात कमी माहीत असतो. नाशिकचं पाणी प्रामुख्याने गंगापूर धरणातून येतं. पूर्ण भरलं की ते ५,६३० दशलक्ष घनफुटांचं धरण आहे. जोडीला मुकणे धरणाची जलवाहिनी आणि नाशिकरोडकडच्या भागासाठी दारणेचं पाणी. बारा बंगला, शिवाजीनगर, पंचवटी, निलगिरी बाग, गांधीनगर, नाशिकरोड, विल्होळी अशी जलशुद्धीकरण केंद्रं आहेत. तिथे पाण्यात तुरटीसारखं रसायन घालून गाळ खाली बसवतात, वाळूच्या थरांतून पाणी गाळतात आणि शेवटी क्लोरीन देतात. केंद्रातून निघालेलं पाणी चांगलंच असतं. बिघडतं ते वाटेत.

आपल्याकडे नळाला पाणी ठरावीक वेळेलाच येतं. ते बंद झालं की पाइपात दाब राहत नाही. जुना जीआयचा, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप कुठे गंजलेला असेल आणि शेजारीच तुंबलेलं गटार झिरपत असेल, तर बाहेरचं पाणी आत शिरायला तेवढी फट पुरते. त्यात कोणी नळाच्या लाइनलाच मोटर लावली, तर ती मोटर पुढचं पाणी ओढताना भेगांमधली घाणही ओढते. आणि ती मोटरवाल्याच्याच टाकीत पडते असं नाही. त्याच लाइनवरच्या सगळ्यांच्या टाक्यांत जाते. लाइनला मोटर लावून द्या म्हणणाऱ्याला मी सरळ नाही म्हणतो. ते बेकायदा तर आहेच, पण गल्लीतल्या लहान पोरांना त्याने जुलाब होतात, हे मला जास्त लागतं.

घरचं पाणी तपासायला ओटी टेस्टचं (ऑर्थोटोलिडीन द्रावणाने क्लोरीन तपासायचं) किट ठेवा. स्वस्तात मिळतं. काचेच्या नळीत नळाचं ताजं पाणी घ्यायचं, त्यात द्रावणाचे थेंब टाकायचे आणि लगेच रंग बघायचा. पिवळी छटा आली तर पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा, असं भारतीय मानक सांगतं. रंगच आला नाही, आणि शेजारच्या दोन घरांतही तेच, तर वाटेत कुठेतरी घाण मिसळून तिने क्लोरीन खाऊन टाकला असण्याची शक्यता धरा. पाणी उकळून प्या आणि तक्रार लेखी द्या, म्हणजे नंतर दाखवायला नंबर हातात राहतो.

माझी भाची अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या ग्विनेट काउंटीत राहते. काउंटी म्हणजे ढोबळपणे आपल्या जिल्ह्यासारखी. गेल्या दिवाळीत ती आली, तेव्हा मामा काय काम करतो हे तिला माहीत असल्यामुळे तिने तिथली व्यवस्था सांगितली, आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. तिथे पिण्याचं पाणी, सांडपाणी आणि पावसाचं पाणी हे तिन्ही काउंटीच्या एकाच जलसंपदा विभागाकडे आहे. पाणी लॅनियर नावाच्या धरणाच्या तलावातून उचलतात. वापरलेलं पाणी दिवसाला ६ कोटी गॅलन क्षमतेच्या केंद्रात शुद्ध करतात आणि त्यातलं पाणी परत त्याच तलावात सोडतात. म्हणजे आपण सोडलेलं पाणी उद्या आपल्याच नळाला येणार आहे, हे तिथल्या माणसांना ठाऊक असतं. सांडपाणी नीट शुद्ध करायला याहून मोठं कारण कुठलं असेल?

मला सगळ्यात आवडलं ते पावसाच्या पाण्याचं शुल्क. ते घरपट्टीसारख्या वार्षिक कराच्या बिलात येतं, आणि घर किती मोठं किंवा किती महाग यावर ठरत नाही. छप्पर, गाडीचा रस्ता, फरसबंदी, म्हणजे पाणी न जिरवणारी जागा किती, यावर ठरतं. जितकी जमीन तुम्ही बंद केली तितकं पाणी तुम्ही दुसऱ्याच्या दारात ढकललं, म्हणून तितके पैसे द्या. मला हे अगदी न्यायाचं वाटतं. आपल्याकडे नवी सोसायटी झाली की पहिल्यांदा काय होतं? आवारभर पेव्हर ब्लॉक. भिंतीपासून भिंतीपर्यंत, झाडाच्या बुंध्यालाही हातभर माती सोडत नाहीत. चिखल नको, हे मला समजतं. पण मग सगळा पाऊस रस्त्यावर, आणि रस्त्यावरून उताराच्या गल्लीत.

सराफ बाजारात जाऊन बघा. गोदावरीला पूर नसतानाही, तासाभराच्या पावसात तिथे दुकानांत पाणी शिरतं. वरच्या सगळ्या पेठांचा उतार तिकडे, आणि जुना सरस्वती नाला बाजाराखालून बांधून काढलेला. नदी चढलेली असेल तर आणखी अडचण. २००८ आणि २०१९च्या पुरात गोदाकाठाने हेच पाहिलं. गंगापूरचा विसर्ग वाढतो, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी येतं, तेव्हा गटारांची नदीतली तोंडं पाण्याखाली बुडतात आणि शहरातलं पाणी बाहेर पडायचं सोडून आतच फुगत राहतं. विसर्ग जलसंपदा विभागाच्या हातात, गटारं महापालिकेच्या, आणि गच्ची व आवार आपल्या. यातलं पहिलं आणि दुसरं मी बदलू शकत नाही. तिसरं काम माझ्या धंद्यातलंच आहे.

आपलं सांडपाणी आपल्या नळाला परत येत नाही, हे खरं. पण ते कोणाच्या तरी नळाला जातंच. तपोवनाच्या खाली नदीकाठची ओढा, सायखेडा, चांदोरी ही गावं. मग नांदूर मधमेश्वर, जे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर पाणथळ क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. आणि त्याच्याही पुढे जायकवाडी, जिथून छत्रपती संभाजीनगर पाणी पितं. सायखेड्याला माझी मोठी बहीण दिलेली आहे. तिच्या दारातून नदी वाहते आणि उन्हाळ्यात पाण्यावर पानवेलींचा हिरवा थर असतो. तिच्याकडे जेवायला बसलो की नाशिककर म्हणून मला घास गोड लागत नाही.

आता कामाचं. पावसाळ्याआधी एका रविवारी गच्चीवर नीळ ओतून बघा. डाउन टेक चेंबरला जोडलेला निघाला, तर तो तिथून तोडून चेंबरचं भोक पक्कं बंद करून घ्या. पाणी शोषखड्ड्यात सोडा. दोन हजार फुटांच्या गच्चीला साधारण दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद, दोन मीटर खोल खड्डा धरा. तळाला मोठे दगड, त्यावर खडी, वर जाडी वाळू. पहिल्या एक-दोन पावसांचं धुळीचं पाणी बाहेर काढायला बाजूला व्हॉल्व्ह ठेवा. खड्डा पाया, बेसमेंट आणि पाण्याची जमिनीखालची टाकी यांपासून लांब हवा. खाली मुरूम लागला तर पाणी भराभर जिरतं. काळा पाषाण लागला तर खोदकाम तिथेच थांबवून जागा बदला. भरून वाहणाऱ्या पाण्यासाठी ओव्हरफ्लो काढायचाच, आणि तो रस्त्यावरच्या पावसाळी गटाराकडे.

इंदिरानगरच्या सोसायटीत दोन डाउन टेक असे वळवून झाले. तिसरा मागच्या बाजूला आहे, तिथे कंपाउंडची भिंत अगदी लागून आहे आणि खड्ड्याला जागा नाही. भिंतीपलीकडच्या सोसायटीच्या आवारात मात्र कडुलिंबाजवळ चांगली मोकळी माती आहे. दोन्ही सोसायट्यांच्या गच्च्यांसाठी तिथे एकच मोठा खड्डा करावा असं मी सुचवलंय. अप्पा पलीकडच्या सेक्रेटरींशी बोलतायत. खर्च निम्मा निम्मा करायला ते तयार आहेत, फक्त वाळू आणि खडी दरवर्षी कोण बदलणार, यावर अजून एकमत व्हायचंय.