गटाराच्या गाळाचा कोळसा

गेले आठ महिने मी गाळ भाजतेय. सांडपाण्याच्या प्लांटमधून जो काळा चिकट स्लज निघतो ना, तो वाळवून, भाजून त्याचा ॲक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे पाण्यातला रंग आणि घाण आपल्या बारीक छिद्रांत धरून ठेवणारा कोळसा, करायचा, हा माझा एमएस्सीचा प्रोजेक्ट. रत्नागिरीला घरी सांगितलं तेव्हा बाबांनी पहिलं विचारलं, "कोकणातल्या करवंट्या संपल्या काय गो?"

प्रश्न बरोबर आहे त्यांचा. फिल्टरसाठी चांगला कार्बन म्हणजे करवंटीचाच, एका ग्रॅममध्ये साधारण १००० चौरस मीटर पृष्ठभाग, म्हणजे आतली बारीक छिद्रं सगळी उलगडून पसरली तर कबड्डीची सात मैदानं आरामात (मैदान १३ बाय १० मीटर, हिशोब करून बघा). गाळ नुसता भाजला तर बऱ्याचदा एक मैदानसुद्धा भरत नाही, कारण करवंटीत राख अगदी थोडी आणि वाळलेल्या गाळात वजनाच्या ३० ते ५० टक्के राखच, वाळू, चुना, लोखंड, ॲल्युमिनियम असलं सगळं.

पण करवंटीला गिऱ्हाईक आहे, गाळाला कोणी नाही. पाणी पिळणाऱ्या प्रेसमधून काढला तरी त्यात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी, तो न्यायचा कुठे? आणि आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, उघड्यावर टाकला की पहिल्याच सरीत पऱ्ह्यातून थेट खाडीत. माझं आजोळ दाभोळ खाडीच्या काठावर, मामा अजून जाळं टाकतो, त्यामुळे हे माझ्यासाठी नुसतं प्रोजेक्ट नाहीये.

पहिली बॅच वाया गेली. क्रूसिबलचं, म्हणजे गाळ भाजायच्या भांड्याचं, झाकण नीट बसलं नव्हतं, हवा शिरली आणि सकाळी फर्नेस उघडली तर आत विटेसारखी लालसर राख, कार्बन सगळा जळून गेलेला, मला रडूच आलं. भाजताना आत ऑक्सिजन जाता कामा नये हे पुस्तकात हजारदा वाचलं होतं, समजलं तेव्हा.

मग हवा बाहेर ठेवायला नायट्रोजनची सोय झाली. आता वाळलेला गाळ केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइड, एक तीव्र अल्कली) भिजवते, परत वाळवते आणि ७०० डिग्रीला तासभर ठेवते. केओएच कार्बन कुरतडत आत छिद्रं पाडतं, वर वाळूतल्या सिलिकाशीही लागतं आणि तो भाग बराचसा धुण्यात निघून जातो, म्हणजे राखेचाही भार कमी. झिंक क्लोराइडने कमी तापमानात काम होतं पण मागे जस्त राहायची भीती, म्हणून मी ते घेतलंच नाही. खरी मेहनत धुण्यात. आधी ॲसिड, मग पाणी, मग परत पाणी, पीएच ७ ला, म्हणजे ना आम्ल ना अल्कली, येईपर्यंत, दोन-दोन दिवस जातात.

आणि मग मिथिलीन ब्लू, कार्बन किती रंग शोषतो ते बघायचा निळा रंग. निळ्याभोर पाण्यात चिमूटभर पूड टाकली, शेकरवर ठेवली, गाळून बघितलं तर पाणी जवळजवळ नितळ. मी तो फ्लास्क खिडकीत धरून कितीतरी वेळ बघत बसले होते.

एक मात्र स्पष्ट सांगते, हा कार्बन प्यायच्या पाण्याला वापरू नये. गाळात शिसं, क्रोमियम, जस्त असू शकतं, भाजल्यावर ते उडून जातंच असं नाही. ह्याची जागा कारखान्याच्या रंगीत पाण्यात, आणि तिथेसुद्धा आधी कार्बनमधून धातू सुटतायत का ते तपासल्याशिवाय नाही. ती टेस्ट मी पुढच्या आठवड्यात लावतेय, आणि सोबत करवंटीच्या कार्बनचं सॅम्पलही, बाबांनी पोतंभर करवंट्या पाठवल्यात.