आंब्याचं नाव आणि दोन रेघा

संध्याकाळी सहाला फाइल प्रेसला द्यायची होती आणि दुपारी एक वाजता काका प्रूफावरून मान वर करून म्हणाले, "अगं, हे इटॅलिक नाही. सरळ अक्षर ढकललंयस तू."

पुस्तक सह्याद्रीतल्या झाडांचं. लेखक वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. प्रत्येक झाडाला एक पान. वर मराठी नाव, त्याखाली रोमन लिपीत शास्त्रीय नाव. शास्त्रीय नाव तिरपं छापायची रीत, आणि मथळ्यात आहे म्हणून ते ठळकही हवं. म्हणजे बोल्ड इटॅलिक. एरवी "जरा उठावदार करा" असं गिऱ्हाईक म्हणालं की आम्ही ही दोन्ही बटणं डोळे मिटून दाबतो. इथे मात्र त्याला नेमकं काम होतं.

मी निवडलेला सेरिफ फॉन्ट, म्हणजे रेघांच्या टोकांना बारीक पट्ट्या असलेला, फुकटातला. त्यात साधा, ठळक आणि तिरपा असे तीनच प्रकार. ठळक तिरपा नव्हताच. सरांच्या वर्डच्या फाइलमध्ये तो दिसत होता, कारण नसलेला प्रकार वर्ड स्वतःच बनवून दाखवतं. पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये आल्यावर ती सगळी नावं गुलाबी पट्ट्यात उजळली. मग मी शहाणपणा केला. ठळक अक्षर घेतलं, बारा अंशांनी कलवलं, स्टाइल बनवली आणि १४० मथळ्यांना लावून मोकळी झाले.

काका आमचे मुद्रितशोधक. तरुणपणी प्रेसमध्ये खिळे, म्हणजे धातूचे टाइप, जुळवायचे. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं आणि आंब्याचं पान पुढे सरकवलं. मथळ्यात 'मँजिफेरा इंडिका', आणि खालच्या परिच्छेदात तेच नाव, फॉन्टच्या अस्सल तिरप्या अक्षरात. या एका नावात चोरी पकडायला लागणारी जवळजवळ सगळी अक्षरं आहेत. मथळ्यातला ए डोक्यावर टोपी घातलेला, खालचा बोडका. खालच्या एफचं शेपूट ओळीखाली उतरलेलं, वरचा एफ जमिनीवर काठी टेकून उभा. खालच्या एनचा पाय बोरू उचलताना वळावा तसा किंचित वर वळलेला. वरच्याच्या पायाला सेरिफची सपाट पट्टी.

"एकाच झाडाची दोन नावं वाटतात," काका म्हणाले. "आमच्या वेळी ही सोयच नव्हती. खिळा काय वाकवणार?"

मी दुसरी युक्ती काढली: अस्सल तिरपं अक्षर घ्यायचं आणि त्याला ०.४ पॉइंटची कड चढवून जाड करायचं. प्रिंट काढून दाखवली. काकांनी ईच्या डोळ्यावर बोट ठेवलं. लेझर प्रिंटवरच तो मिटत आला होता, मॅपलिथो कागदावर शाई फुटल्यावर ठिपकाच उरला असता. तिरपं अक्षर मुळात अंगाने चिंचोळं. जाडी वाढवायची तर रेखाटणाऱ्याला आतली पोकळी नव्याने सोडावी लागते, कुठे रेघ बारीक करावी लागते. कड चढवणाऱ्या बटणाला ते कुठून कळणार?

तसं पाहिलं तर ठळक आणि तिरपं यांची सोयरीक तशी अलीकडचीच. व्हेनिसचा मुद्रक आल्दुस मानुतिउस याने १५०१ साली तिरप्या टाइपात रोमन कवी व्हर्जिलचा अख्खा ग्रंथ छापला; तो टाइप फ्रान्चेस्को ग्रिफोने कोरला होता. तेव्हा तिरपं अक्षर सरळ अक्षराचं सोबती नव्हतं, पुस्तकं त्यातच छापायची. मजकुरातला एखादा शब्द उठून दिसावा म्हणून जाड अक्षर वापरायची पद्धत एकोणिसाव्या शतकातली. लंडनचा क्लॅरेंडन टाइप १८४५चा.

"टाइम्स घे," काका म्हणाले. मला तो फॉन्ट बघितला की सरकारी पत्र आल्यासारखं वाटतं. पण १९३२पासून वापरात असलेल्या या घराण्यात चारही भावंडं आहेत, आणि ठळक तिरपं खरोखर देखणं आहे. घेतला.

मग खरी हमाली. नावापुढचं 'एल.' म्हणजे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस. आंब्याचं हे नाव त्यानेच १७५३ साली दिलं. झाडाचं नाव तिरपं, पण ते देणाऱ्याचं सरळ. माझ्या स्टाइलने सगळी ओळच कलवली होती. कुड्यासारख्या झाडापुढे तर कंसासकट दोन-तीन जणांची संक्षिप्त नावं. एकेक सरळ करत बसले. पहिल्या वीस पानांवर स्टाइल मराठी नावालाही लागली होती. 'आंबा' भिंगाखाली पाहिला: शिरोरेखा जागच्या जागी, आणि काना नि दांडे उजवीकडे झुकलेले, दोरीवर वाळत घातलेले कपडे वाऱ्याने एका बाजूला उडावेत तसे. देवनागरीला तिरप्या अक्षराची परंपराच नाही, तिथे नुसतं ठळक पुरतं. तेही सरळ केलं.

फॉन्ट बदलल्यामुळे आतला मजकूर सरकला, दोन पानांवर शेवटची ओळ एकटी पडली. जेवण राहिलंच. पावणेसातला फाइल गेली. प्रेसवाल्याने फोनवर काय सुनावलं ते इथे लिहीत नाही.

काकांनी सकाळच्या प्रूफावर प्रत्येक नावाखाली दोन रेघा मारल्या होत्या: सरळ रेघ म्हणजे तिरपं करा, नागमोडी म्हणजे ठळक करा. १४० वेळा, न कंटाळता. तो गठ्ठा आता पाठकोरा म्हणून टेबलावर असतो. काल त्यावर चहाचा हिशेब मांडला तर मागच्या लाल शाईची नागमोडी रेघ बरोबर बेरजेखाली उमटलेली.